ऑप-ॲम्पचं आउटपुट चुकतंय? आयसी उपटण्याआधी पिन २ आणि ३ मोजा

तासगाव भागातल्या बेदाणा शेडमध्ये तापमानावर लक्ष ठेवायला एलएम३५ (तापमान मोजणारा सेन्सर) आणि एलएम३५८ (त्याचा बारीक व्होल्टेज मोठा करणारा ऑप-ॲम्प आयसी) ही जोडी स्वस्तात बसते. सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. फीडबॅकला, म्हणजे आउटपुटपासून पिन २ पर्यंत, १० के (१० हजार ओहम) चा रेझिस्टर आणि पिन २ वरून ग्राउंडला १ के लावला की गेन ११, म्हणजे पिन ३ वर येणारा सेन्सरचा व्होल्टेज ११ पट होतो. शेडमध्ये ३० अंश असताना ३.३० व्होल्ट येतात, सगळं बरोबर वाटतं. दुपारी पारा ३८ वर गेला की हिशोबाने ४.१८ यायला हवेत, पण मीटर ३.५ च्या आसपास अडकून बसतो. मग आयसी बदलला जातो, आणि नवाही तिथंच अडकतो.

आधी सप्लाय बघा. ब्रेडबोर्डच्या पट्टीवर नाही, थेट आयसीच्या पायांवर: मीटरचा काळा प्रोब पिन ४ (ग्राउंड) वर, लाल पिन ८ (सप्लाय) वर. लांब ब्रेडबोर्डची लाल-निळी पट्टी बऱ्याचदा मध्येच तुटक असते.

आता काळा प्रोब न हलवता पिन ३ आणि पिन २ मोजा. खरं निदान इथंच होतं, कारण आउटपुट हलवून या दोन्ही पिना समान ठेवणं हेच ऑप-ॲम्पचं काम. दोन्हींत दोन-चार मिलिव्होल्टचाच फरक असेल, तर आयसी आपलं काम चोख करतोय. चूक रेझिस्टरमध्ये किंवा इनपुटमध्ये आहे. ट्यूबलाइटखाली तपकिरी-काळा-लाल (१ के) आणि तपकिरी-काळा-नारिंगी (१० के) यांत हमखास गफलत होते. सप्लाय बंद करून, रेझिस्टरचा एक पाय सोडवून मोजा.

आपल्या उदाहरणात पिन ३ वर ०.३८ आणि पिन २ वर ०.३२ दिसेल. म्हणजे आउटपुटला अजून वर जायचंय, पण जाता येत नाही. एलएम३५८ चं आउटपुट सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतं. ५ व्होल्टवर ३.५ हीच त्याची हद्द. आउटपुट वर असूनही पिन २ वर चक्क शून्य असेल, तर १० के चा पाय सुटलाय. पिन ३ जास्त असूनही आउटपुट खाली असेल, तर पुढचा लोड काढून बघा. तरीही उठत नसेल, तरच आयसी गेला समजा.

हद्दीवरचा सोपा उपाय म्हणजे १० के च्या जागी ६.८ के. गेन ७.८ होतो, ३८ अंशांना २.९६ व्होल्ट येतात आणि साधारण ४४ अंशांपर्यंत वाव राहतो. गेन ११ च हवा असेल तर एमसीपी६००२ हा ऑप-ॲम्प घ्या. पायांची रचना तीच आहे आणि आउटपुट जवळजवळ सप्लायपर्यंत जातं. सप्लाय ९ व्होल्ट करणं मात्र टाळा. सेन्सरची वायर तुटली की एलएम३५८ च्या इनपुटमधून बाहेर येणारा बारीकसा करंट पिन ३ ला वर ढकलतो, आउटपुट ७.५ व्होल्टकडे जातं आणि पुढचा ५ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर जळू शकतो. पिन ३ वरून ग्राउंडला १०० के लावला, तर वायर तुटल्यावर आउटपुट खालीच राहतं.

सेन्सरची वायर लांब असेल आणि आकडा विनाकारण नाचत असेल, तर सेन्सरच्या आउटपुटलाच, वायर सुरू होण्याआधी, २ के सिरीजमध्ये टाका. आयसीच्या पिन ८ आणि ४ च्या मधोमध १०४ (०.१ मायक्रोफॅरड) चा सिरॅमिक कपॅसिटरही हवाच, पायांच्या जितका जवळ तितका बरा.