पॅरिसला ग्रुपनं जाताय? या चुका टाळा

पॅरिस बघून आलेल्या एखाद्या जोडप्याचा कार्यक्रम व्हॉट्सॲपवर फिरतो. कुणीतरी तो उचलतो आणि शाळेच्या बॅचमधल्या सोळा जणांना, नाहीतर तीन कुटुंबांना जसाच्या तसा लावतो. सकाळी लूव्र संग्रहालय, दुपारी नोत्र दाम कॅथेड्रल, संध्याकाळी आयफेल टॉवर. कागदावर सगळं छान बसतं. पण दोघांना जिथे दहा मिनिटं लागतात तिथे सोळा जणांना चाळीस लागतात, दोघांना जे टेबल सहज मिळतं ते सोळांना मिळत नाही आणि काही ठिकाणी तर सोळा जणांसाठी नियमच वेगळे असतात. ग्रुपच्या सहली फसतात त्या बहुतेक इथेच. त्यामुळे प्रेक्षणीय स्थळांची यादी करण्याआधी माणसांची मोजणी करा.

सगळे मिळून एकच बुकिंग करणं

लूव्रमध्ये सात किंवा त्याहून जास्त जण एकत्र गेले की तो गट धरला जातो आणि त्याला गटाचं वेगळं बुकिंग लागतं. आयफेल टॉवरची तिकिटं ऑनलाइन घेताना एका वेळी नऊच मिळतात. विमानतळावरच्या साध्या टॅक्सीत चार जण बसतात. म्हणजे सोळाचा ग्रुप हे शहर सोळा म्हणून स्वीकारतच नाही, कुठे ना कुठे तुम्हाला फोडतंच. ते ऐनवेळी गेटवर होण्यापेक्षा घरूनच चार-चार किंवा पाच-सहा जणांच्या तुकड्या करून निघा.

तुकडी करताना एक पथ्य पाळा. प्रत्येक तुकडीत इंटरनेट चालू असलेले दोन फोन, नकाशा वाचता येणारा एक माणूस आणि त्या तुकडीची तिकिटं त्याच तुकडीकडे. सगळी तिकिटं, सगळे पासपोर्ट, सगळ्यांचे पैसे एकाच उत्साही म्होरक्याकडे ठेवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. त्याचा फोन बंद पडला की पंधरा जण रस्त्यावर उभे राहतात. शिवाय त्या बिचाऱ्याचं पॅरिस बघायचं राहूनच जातं, आणि हे मला जास्त लागतं. वर्षभर राबून ज्यानं सहल जुळवली, त्याच्या वाट्याला फक्त माणसं मोजणं येऊ नये.

लूव्रला अधिकृत गाइड हवा असेल, तर रीतसर गटाचं बुकिंग करा. नको असेल, तर तुकड्यांनी वेगवेगळ्या वेळा घ्या आणि काचेच्या पिरॅमिडखाली परत भेटायची वेळ ठरवा. आत सगळ्यांनी एकत्र फिरायचा हट्ट धरू नका. मोनालिसा ७११ क्रमांकाच्या दालनात आहे, तिच्यासमोरच्या गर्दीत कुठलाही ग्रुप एकत्र राहत नाही. बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ती संध्याकाळ मोठ्या ग्रुपला दुपारपेक्षा बरी.

आयफेलच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी विक्रीला येतात आणि सुट्टीच्या दिवसांत भराभर संपतात. तारीख डायरीत लिहून ठेवा, दोन-तीन जणांनी एकाच वेळी बसून आपापल्या तुकडीची काढा. दलालाकडून दुप्पट दरानं घेण्याची वेळ येते ती हे न केल्यामुळे. नोत्र दामला मात्र प्रवेश मोफत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं तेव्हापासून वेळ आरक्षित करायची सोय आहे, तीही फुकट. तिथल्या साध्या प्रवेशासाठी कुणी पैसे मागत असेल, तर देऊ नका.

व्हिसाआधीच पैसे अडकवणं

शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, ग्रुपला मिळत नाही, एकेकाला मिळतो. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, बँकेची कागदपत्रं वेगळी, बोटांचे ठसे वेगळे. पंधरा जणांचा आला आणि एकाचा नाकारला गेला, तर त्या माणसाच्या न परतणाऱ्या विमान-तिकिटाचं काय करायचं, हे आधी बोलून घ्या. नंतर तो विषय मैत्रीत कटुता आणतो. रद्द करता येणारी हॉटेलं घ्या, थोडी महाग पडली तरी.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो जायलाच हवा. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी भेटीची वेळ मिळवणं हेच मोठं काम असतं, म्हणून सुरुवातीचे महिने वाया घालवू नका. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. ग्रुपमधल्या ज्येष्ठांचे पासपोर्ट पहिल्याच बैठकीत मागून बघा.

एक चूक हमखास होते. पॅरिस, मग दोन दिवस लंडन, मग परतीचं विमान पुन्हा पॅरिसहून. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा आणि पॅरिसला परत शिरायचं असेल, तर शेंगेन व्हिसाही एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. अर्जातच तसं मागावं लागतं.

१ मे आणि मंगळवार

शाळेच्या सुट्टीमुळे आपले लोक मे महिन्यात निघतात. १ मे आपला महाराष्ट्र दिन, फ्रान्समध्ये तो कामगार दिनाची कडकडीत सुट्टी. त्या दिवशी लूव्र बंद, ओर्से संग्रहालय बंद, व्हर्सायचा राजवाडाही बंद. ८ मेलाही सार्वजनिक सुट्टी असते. आठवड्याचं गणित वेगळंच: लूव्र मंगळवारी बंद, ओर्से आणि व्हर्साय सोमवारी. त्यामुळे मंगळवारी व्हर्सायला सगळीकडची गर्दी लोटते. आधुनिक कलेचं पाँपिदू सेंटर जुन्या कार्यक्रमांत अजून दिसतं, पण नूतनीकरणासाठी ते काही वर्षं बंद आहे. खर्चाचा अंदाजही जुन्या कागदावरून बांधू नका. जानेवारी २०२६ पासून लूव्रचं तिकीट युरोपबाहेरून येणाऱ्यांसाठी ३२ युरो झालं आहे. १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, तरी त्यांचीही वेळ बुक करा.

गुडघ्यांचा विचार शेवटी करणं

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि बैठकीत तो कुणी काढतच नाही. पॅरिसची मेट्रो म्हणजे जिने. काही मार्ग शंभर वर्षांहून जुने आहेत आणि बहुतेक स्टेशनांवर लिफ्ट नाही. १४ नंबरची लाइन तेवढी पूर्णपणे लिफ्टची. शातलेसारख्या स्टेशनावर गाडी बदलायची, तर भुयारातून लांबलचक चालावं लागतं, वर चढा, खाली उतरा, पुन्हा वर. सत्तरीतल्या काकू पहिल्या दिवशी काही बोलत नाहीत. 'चला, मी येते हळूहळू' म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाकावर बसतात आणि 'तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबते' म्हणतात. मग त्यांच्याजवळ कुणी थांबायचं यावर कुजबुज सुरू होते. इतके पैसे खर्च करून आलेल्या माणसाला आपण ओझं झालो असं वाटणं, याहून वाईट त्या सहलीत काही घडू शकत नाही.

उपाय साधा आहे: बस. बसला चढायला पायऱ्या नसतात, व्हीलचेअरसाठी उतरता फळा (रॅम्प) असतो आणि खिडकीतून शहर दिसतं. ६९ नंबरची बस आयफेलजवळच्या शाँ द मार्सपासून निघते आणि ॲन्वालिद, ओर्से, लूव्र असं दाखवत बास्तीयकडे जाते, तीही साध्या तिकिटात. मेट्रोपेक्षा वेळ जास्त लागतो, म्हणून दिवसाला तीनऐवजी दोनच ठिकाणं ठेवा. दुपारी दीड-दोन तास कार्यक्रमच ठेवू नका. आर्क द त्रियाँफ या विजयकमानीच्या माथ्यावर जायला २८४ पायऱ्या आहेत, आयफेलच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानं ६७४. हे आकडे आधीच सगळ्यांना सांगा आणि कुणी काय करायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्या. हॉटेल निवडतानाही विचारा की लिफ्ट आहे का आणि ती पहिल्या पायरीपासून आहे की अर्धा जिना चढून गेल्यावर.

एका कार्डावर सगळ्यांना आत घेणं

मेट्रोच्या गेटवर हे दृश्य रोज दिसतं. एकानं नाविगो ईझी या मेट्रो-बसच्या कार्डावर दहा तिकिटं भरलेली असतात. तो कार्ड टेकवून आत जातो आणि वरून कार्ड मागच्याच्या हाती देतो. मागच्यानं टेकवलं की लाल दिवा. कारण हे कार्ड एका वेळी एकाच माणसासाठी आहे. मग अर्धा ग्रुप आत, अर्धा बाहेर. कार्ड २ युरोंना मिळतं, प्रत्येकाचं वेगळं घ्या आणि मागून वाकून गेट ओलांडू नका. आत तपासनीस असतात, दंड जागच्या जागी वसूल करतात. 'आम्हाला माहीत नव्हतं' ही सबब चालत नाही. बाहेर पडेपर्यंत कार्ड जपून ठेवा.

आठवड्याचा पास स्वस्त पडतो, असं ऐकून घेणारेही फसतात. तो सोमवार ते रविवार चालतो, तुम्ही घेतलेल्या दिवसापासून सात दिवस नाही. त्याच्या कार्डाला फोटोही लागतो. गुरुवारी उतरलात, तर तो घेण्यात अर्थ नाही. सोमवारी उतरलात, तर विमानतळ आणि व्हर्सायसकट सगळं त्यात येतं, मग जरूर घ्या.

भाड्याच्या बसचा ड्रायव्हर रात्री थांबेल, असं धरून चालणं

आयफेलची रोषणाई बघायचीच असते. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं टॉवर लखलखतो. पण जूनमध्ये तिथे सूर्यच रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे खरी मजा अकराच्या लखलखाटाला. सकाळी आठला निघालेली तुमची मिनीबस तेव्हा नसेल. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती आणि दिवसाकाठी सर्वसाधारणपणे सलग ११ तासांची विश्रांती कायद्यानं द्यावी लागते. जादा पैसे देऊ, हात जोडू, यानं काही होत नाही आणि त्याला तसा आग्रहही करू नये. रोषणाईच्या दिवशी गाडी दुपारनंतर मागवा, नाहीतर त्या रात्री टॅक्सीनं परत या.

खाण्याचं गृहीत धरणं

बऱ्याच रेस्तराँची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या आसपास बंद होतात ती सातला उघडतात. चार वाजता भुकेलेले सोळा जण घेऊन दारात उभं राहू नका. रात्रीसाठी तुकड्यांप्रमाणे टेबलं आधी सांगून ठेवा. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा की प्रसिद्ध कांद्याचं सूप बहुतेक ठिकाणी गोमांसाच्या रश्शात केलेलं असतं. वर नुसतं चीज दिसतं म्हणून ते चालेल असं नाही. गॅलेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं मोठं धिरडं, चीज आणि मशरूम घालून मागता येतं, ते पोटभरीचं होतं. मारे भागातल्या रोझिए रस्त्यावरचं फलाफलही छान, फक्त तिथली ज्यू दुकानं शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारभर बंद असतात. डोसा-इडलीसाठी गार द्यू नॉर आणि ला शापेलचा भाग आहे. तिथे श्रीलंकेच्या तमिळ लोकांचं माणिक्क विनायकाचं देऊळही आहे. ऑगस्टअखेरीला असाल, तर त्या गणपतीचा रथ रस्त्यावर निघतो आणि नारळांचा खच पडतो. जमलं तर चुकवू नका.

सामानात चिवडा, खाकरे, ठेपले, चटण्या न्या. तूप, पेढे, बर्फी, पनीर नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पॅरिसमधल्या भाच्यासाठी हापूसची पेटी न्यायचा मोहही आवरा. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर यांना सूट आहे, आंब्याला नाही.

चुकामूक आणि पाकीटमारी

मेट्रोची दारं कुणासाठी थांबत नाहीत. ग्रुप तुटला, तर काय करायचं ते पहिल्या दिवशीच सगळ्यांकडून वदवून घ्या: जे गाडीत चढले त्यांनी पुढच्या स्टेशनावर उतरून फलाटावरच थांबायचं, जे मागे राहिले त्यांनी पुढच्या गाडीनं तिथेच यायचं. उलट कुणीही यायचं नाही. हॉटेलचं नाव-पत्ता आणि एक फोन नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर असू द्या, फोन वापरणाऱ्यांच्यासुद्धा.

पाकीटमार ग्रुपच शोधतात, कारण ग्रुपमधली माणसं एकमेकांकडे बघत असतात. एक नंबरच्या लाइनवर, लूव्रपाशी, त्रोकादेरोला फोटो काढताना सावध राहा. साक्रे कर चर्चच्या पायऱ्यांपाशी हाताला दोरा बांधायला येतात, कुणी सह्यांचा कागद पुढे करतं, कुणी सोन्याची अंगठी सापडल्याचं सांगतं. थांबू नका, हात खिशात ठेवून पुढे चला.

पासपोर्ट गेलाच, तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. मग सोळाव्या विभागातल्या आल्फ्रेद देओदांक रस्त्यावरच्या भारतीय दूतावासात जा. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स, दोन फोटो आणि परतीचं तिकीट जवळ असेल, तर काम सोपं होतं. त्या एका माणसाबरोबर एकानं जायचं, बाकीच्यांनी ठरलेला कार्यक्रम चालू ठेवायचा, हेही आधीच ठरवून ठेवा. तब्येतीची अडचण आली, तर १५ किंवा ११२ फिरवा. विम्याच्या कंपनीचा नंबर प्रत्येक तुकडीकडे हवा.