नरेशनमध्ये नुसतं ‘रोख दिले’ लिहू नका

टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) व्हाउचरला, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीला, ‘रोख दिले’ एवढंच नरेशन (नोंदीखालची टीप) असलं, की सप्टेंबरात ऑडिटर विचारतो आणि तेव्हा कुणालाच काही आठवत नसतं.

याच क्रमाने लिहा: कुणाला, कशासाठी, बिल नंबर, कोणत्या महिन्याचं. उदाहरणार्थ, ‘टेम्पोवाल्याला भोसरी ते चाकण भाडं, बिल 214, जून’. बिल नंबर अजिबात सोडू नका. पुढे एंट्री शोधताना तोच कामी येतो. बिलच नसेल, तर ‘बिल नाही, सही घेतलेलं कागदी व्हाउचर फाइलला’ असं स्पष्ट लिहा. माझ्या मते ही ओळ सगळ्यात मोलाची.

एक सांभाळा: एकाच व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांहून जास्त रोख दिली (मालवाहतूकदाराला 35,000), तर तो खर्च आयकरात सहसा मंजूर होत नाही, नरेशन कितीही नीट असलं तरी.