बडोद्याहून नैरोबीला बिऱ्हाड हलवायचंय? आधी बडोद्यातली कामं उरका

मकरपुरा, नंदेसरीकडच्या कंपन्यांत काम करणाऱ्या कुणाला ना कुणाला केनियाची ऑफर येतेच, आणि मग दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत सगळ्या नातेवाइकांत एकच चर्चा, अरे बापरे आफ्रिका, उकडेल किती, खाणार काय, शाकाहारी माणसाने जगायचं कसं. मी नैरोबीत पार्कलँड्सला राहते, माहेर आणि सासर दोन्ही बडोद्यातच, सुट्टीत आले की कोणीतरी हेच प्रश्न घेऊन चहाला येतंच म्हणून एकदाचं लिहून टाकते. माझं म्हणणं एवढंच की नैरोबीत फारसं काही अडत नाही, अडतं ते बडोद्यात अर्धवट सोडून आलेलं काम, आणि ते तिथे बसून निस्तरताना जीव जातो. त्यामुळे खाली बडोद्याचंच जास्त आहे, कंटाळू नका.

पहिलं काम यलो फीवरची लस. केनियाला जाताना कोणी विचारो न विचारो, केनियातून भारतात परत येताना लसीचं पिवळं कार्ड लागतंच, नसलं तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, म्हणजे सुट्टीचा एक आठवडा तिथेच गेला. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंट घ्यावी लागते, आणि कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. तिकीट आधी काढून लस नंतर असा उलटा कारभार करू नका. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि लहान बाळांच्या आईबापांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, आपल्या मनाने टोचून घ्यायचं नाही.

मग कागद. वर्क परमिटचं कंपनी बघते, पण पोलीस क्लिअरन्स तुम्हालाच पासपोर्ट सेवा केंद्रातून काढावं लागतं, ते बडोद्यातच होतं. एम. एस. युनिव्हर्सिटीचं डिग्री सर्टिफिकेट ज्यांनी कॉन्व्होकेशननंतर आणलंच नाही (असे खूप निघतात, विश्वास ठेवा) त्यांनी ते निघण्याआधी हातात घ्या. लग्नाचं सर्टिफिकेट, मुलांचे जन्मदाखले, सगळ्यांचे स्कॅन मेलमध्ये. नवरा वर्क परमिटवर आणि बायको डिपेंडंट पासवर असेल तर त्या पासवर नोकरी करता येत नाही, स्वतःचं परमिट लागतं, तेव्हा इथली नोकरी सोडताना हे माहीत असू दे, नंतर घरात धुसफूस नको.

आता बँक, हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. नोकरीसाठी देश सोडलात की साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवायचं नसतं, ते एनआरओ करून घ्यायचं, आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई वेगळं उघडायचं. एनआरईच्या व्याजावर भारतात टॅक्स नाही आणि पैसे परत बाहेर न्यायला अडकाठी नाही. भाडं, डिव्हिडंड वगैरे इथली मिळकत एनआरओत. पीपीएफ नवीन उघडता येत नाही, पण जुनं असेल ते मुदत संपेपर्यंत चालू राहतं, घाबरून बंद करू नका.

टॅक्सच्या बाबतीत निघायच्या तारखेला महत्त्व आहे. नोकरीसाठी बाहेर जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर त्या वर्षापुरता नॉन-रेसिडेंट धरतात. ऑगस्टमध्ये निघालात तर सुटलात, डिसेंबरमध्ये निघालात तर त्या वर्षी केनियाचा पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. दोन देशांत करार आहे त्यामुळे एकाच पगारावर डबल टॅक्स बसत नाही, पण कागदी काम डबल होतं. कंपनीशी जॉइनिंग डेटचं बोलताना सीएला एक फोन करा, बस.

घर भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला आधीच सांगा की मालक एनआरआय झाला की त्याला भाड्यातून टीडीएस कापून भरावा लागतो, साधारण ३१ टक्के. हे ऐकल्यावर अर्धे भाडेकरू पळतात, आणि उरलेले म्हणतात काकी कॅशमध्ये करून टाकू. नका करू.

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी निघण्याआधी करा, भावाच्या किंवा वडिलांच्या नावाने, आणि कामं नेमकी लिहून, नुसतं सगळे अधिकार दिले असं नको. तिकडे गेल्यावर आठवलं तर नैरोबीच्या भारतीय हायकमिशनमध्ये जाऊन सही, मग कुरिअर, मग भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टँप ड्यूटी, एवढा घोळ.

आणि ओटीपी! सगळं बरोबर केलेले लोकसुद्धा इथे आपटतात. इंडियन नंबर बँकेला, आधारला, पॅनला, डीमॅटला, गॅस बुकिंगला सगळीकडे लावलेला असतो, आणि जाताना लोक तेच सिम बंद करतात नाहीतर आईच्या फोनमध्ये घालून जातात. मग नैरोबीत रात्री साडेआठला तुम्ही पेमेंट करायला बसता तेव्हा बडोद्यात अकरा वाजलेले असतात, आई झोपलेली असते. सिम स्वतःजवळ ठेवा, रोमिंग चालू करून घ्या, रिचार्ज संपू देऊ नका. येणारे एसएमएस बहुतेक फुकटच असतात पण आपल्या प्लॅनचं आधी विचारून घ्या. आईबाबांचा लाइट बिल, गॅस बिल, घरपट्टी ऑनलाइन तुमच्या लॉगिनला जोडून टाका म्हणजे तिकडून भरता येतं.

घर बंद ठेवून जाणाऱ्यांसाठी एक. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी कुठेकुठे शिरलं ते बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. तळमजला असेल तर कपाटाच्या खालच्या खणात काहीही महत्त्वाचं ठेवू नका, दस्तऐवज लॉकरमध्ये नाहीतर वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडे, फ्रिज-वॉशिंग मशीन वीटांवर चढवून, आणि घराच्या इन्शुरन्समध्ये पूर येतो का ते पॉलिसी उघडून वाचा.

सामान. पहिली गोष्ट, प्लास्टिकच्या थैल्या. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी आहे, वापरायला, आणायला, बनवायला सगळ्याला, आणि दंड कायद्यात ४० लाख शिलिंगपर्यंत लिहिलाय. आपल्याकडे सासूबाई प्रत्येक डबा आधी एका थैलीत, मग दुसऱ्या थैलीत, मग गाठ मारून देतात, त्यामुळे बॅग भरताना त्यांच्या शेजारी बसा. मी नैरोबी एअरपोर्टवर एका काकूंना बॅग उघडून थेपले, हळद, लोणचं एकेक थैलीतून बाहेर काढताना बघितलंय, मागे रांग आणि काकांचं तोंड भिंतीकडे. कापडी पिशव्या शिवून घ्या, स्टीलचे डबे न्या.

दुसरी गोष्ट, स्वेटर. हो. नैरोबी विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे पण उंची साधारण १७०० मीटर, त्यामुळे बडोद्याचा मे महिना तिथे कधीच येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर ऊन दिसत नाही, रात्री १२ अंशापर्यंत उतरतं, बऱ्याच घरांत पंखाच नसतो. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस. ऊन निघालं की मात्र चटका बसतो, हवा गार असल्याने कळत नाही आणि कान-नाक सोलून निघतं, टोपी आणि सनस्क्रीन ठेवाच.

मिक्सर, इस्त्री न्यायची तर न्या, व्होल्टेज चालतं, फक्त प्लग ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनचे, म्हणून पाच-सहा अ‍ॅडॉप्टर. डाळी, तांदूळ, बेसन, गूळ, पापड, साबुदाणा नेऊ नका, वजन फुकट जातं. तिथे पिढ्यान्पिढ्या गुजराती लोक आहेत, सिटी पार्कच्या मार्केटात दुधी, कारली, भेंडी, ताजी मेथी सगळं मिळतं, आणि चेवडा तर सुपरमार्केटमध्ये मिळतो. मिळत नाही ते आपलं मराठी सामान. गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आमसुलं, कुळीथपीठ, जाड पोहे आवडीचे असतील तर ते. खंडेराव मार्केटच्या आसपास फिरून एवढंच घ्या. लीलो चेवडो दोन दिवसांच्या वर टिकत नाही, विमानात खाऊन टाका.

स्वयंपाकाचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. एवढ्या उंचीवर पाणी ९४ अंशाच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात भात, बटाटे, राजमा काही वेळेवर शिजत नाही. कुकरमध्येही शिट्ट्या वाढवायच्या, बडोद्यात तीन शिट्ट्यांत विरघळणारी तूरडाळ तिथे तीन शिट्ट्यांनंतर दाताखाली कचकचते, पाच धरा, आणि आधी अर्धा तास भिजवून ठेवली तर गॅस वाचतो. छोले रात्रभर भिजत घालून सकाळी थोडा सोडा. जुलैत विरजण लागत नाही ही दुसरी तक्रार, रात्री लावलेलं सकाळी दूधच असतं. दूध नेहमीपेक्षा जरा जास्त कोमट, विरजण एक चमचा जास्त, भांडं शालीत गुंडाळून बंद ओव्हनमध्ये, नुसता आतला दिवा लावून. इडलीच्या पिठालाही हेच. पोळ्यांसाठी सुपरमार्केटातलं पांढरं पीठ आणलं तर ते मैद्यासारखं, पोळी थंड झाली की चामडं. अट्टा लिहिलेलं ब्राउन पीठ घ्या नाहीतर गुजराती दुकानातून.

उतरल्यावर पहिल्या दिवशी सिम आणि एम-पेसा. आपलं यूपीआय बँकेतून जातं, एम-पेसाचे पैसे सिमवरच्या पाकिटात असतात, २००७ पासून चालू आहे आणि भाजीवाल्या मामापासून शाळेच्या फीपर्यंत सगळं त्यावर. पासपोर्ट दाखवून सिम मिळतं. पैसे पाठवायला चार्ज लागतो हे यूपीआयवाल्यांना पचत नाही, पण आहे तसं आहे. पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, ते वाचा. चुकीच्या नंबरवर गेले तर आलेला मेसेज लगेच ४५६ ला फॉरवर्ड करायचा. आणि चुकून पैसे आले, परत कर असा फोन आला तर आधी बॅलन्स बघा, नुसता मेसेज बघून पैसे परत पाठवू नका, बहुतेक वेळा आलेलेच नसतात. ९० दिवसांच्या वर राहणाऱ्याला परदेशी नागरिकाचं कार्ड काढावं लागतं आणि टॅक्सचा पिन (तिथला टॅक्स नंबर), हे दोन नसले की बँक दारातही उभं करत नाही, म्हणून कंपनीच्या एचआरच्या मागे पहिल्या आठवड्यापासून लागा.

घर लगेच फायनल करू नका, महिनाभर फर्निश्ड फ्लॅटमध्ये काढा आणि ऑफिसचा रस्ता सकाळी आठला स्वतः जाऊन बघा, नकाशावरचे पाच किलोमीटर तासाभराचेही असू शकतात. पार्कलँड्स, वेस्टलँड्सला देशी दुकानं, मंदिरं, हॉस्पिटल चालत्या अंतरावर. किलिमानी, लॅव्हिंग्टनला फ्लॅट मोठे. भाड्याचं बोलताना चार गोष्टी विचारायच्या: बोअरवेल आहे का, जनरेटर सगळ्या घराला आहे की फक्त लिफ्टला, सर्व्हिस चार्ज भाड्यात धरलाय का, गेटवर रात्री गार्ड किती. नळाचं पाणी रोज येईलच असं नाही, टँकर मागवावा लागतो. लाइट प्रीपेड, फोनवरून पैसे भरले की वीस आकडी टोकन येतं ते मीटरवर टाइप करायचं, संपायची वाट बघू नका.

कामवाली ठेवलीत तर पगार ठरवताना सरकारी किमान वेतन बघा, लेखी करार करा आणि तिचे एनएसएसएफ (तिथला सरकारी पेन्शन फंड) वगैरे भरा. आपल्यातले काही जण ह्यात हात आखडतात आणि वर तिच्याबद्दलच कुरकुर करतात, मला ते पटत नाही. स्वाहिलीतले आकडे आणि भाज्यांची नावं शिकून घ्या. वेळ ते सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, स्वाहिलीत वेळ ठरवताना दोनदा विचारा.

मुलांच्या शाळा बहुतेक ब्रिटिश पद्धतीच्या, वर्ष सप्टेंबरला सुरू, सरकारी पद्धतीच्या जानेवारीला. आपला जून कुठेच बसत नाही, तेव्हा बडोद्याची टर्म फी भरण्याआधी तारखा जुळवा.

मलेरिया नैरोबी शहरात फारसा नाही, पण मोंबासा, किसुमूकडे आहे, तिकडे जाताना डॉक्टरांना विचारून गोळ्या आणि मच्छरदाणी. परत आल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा ताप आला तर टेस्ट त्याच दिवशी. सुट्टीत बडोद्यात ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेतून आलोय हे आपणहून सांगा, नाहीतर ते व्हायरल म्हणून गोळ्या देऊन पाठवतील.

माणसांचं म्हणाल तर बडोद्याच्या मराठी माणसाला तिथे उलट फायदाच आहे, घरात मराठी बोलणारे आपण दुकानात गुजराती बोलतच मोठे झालो, पार्कलँड्समध्ये तेच करायचं. काका-काकी, केम छो, उधार वहीसुद्धा. भारतीय वंशाच्या लोकांना केनिया सरकारने २०१७ मध्ये देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, तेव्हा आपण काही कौतुकाची पाहुणी मंडळी नाही. मराठी घरं कमी आहेत पण गणपतीला सगळी सापडतात. (गुजरातेतून आलेले नवरे पहिल्या आठवड्यात सुपरमार्केटच्या एका विशिष्ट भागात जरा जास्त वेळ घालवतात, दुर्लक्ष करा, उतरतं.)

आईबाबांना बोलवायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत, कोरडी आणि छान हवा. मसाई मारात प्राण्यांचं मायग्रेशन बघायचा हट्ट असेल तर जुलै ते ऑक्टोबर, पण मग शाल-स्वेटर-पायमोजे. ईटीए (केनियात शिरायचा परवाना) ऑनलाइन निघण्याआधीच काढायचा, ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये जुनी बीपी-शुगर लिहून, आणि पूर्ण मुक्कामाची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हँडबॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नको.