अर्थशास्त्र, फायनान्स, धंदा: पदवी नाशिकमध्ये करताना

बारावीचा निकाल लागला की मुलं विचारायला येतात: बी.कॉम. करू, बी.ए. इकॉनॉमिक्स करू, की बीबीए? आणि त्यासाठी पुण्याला जावंच लागेल का? मी इथेच राहून अर्थशास्त्रात बी.ए. केलं, मग फायनान्सकडे वळले. आज छोट्या कारखानदारांच्या कर्जाच्या फायली तयार करणं हे माझं काम आहे. माझं मत स्पष्ट आहे. पदवीसाठी नाशिक पुरेसं आहे, फक्त वर्गाबाहेर पडायची तयारी हवी.

आधी कोर्सचं. सीए करायचं असेल तर बी.कॉम. सोयीचं, कारण हिशेब, कर आणि कंपनी कायदा दोन्हीकडे लागतो. बीबीएमध्ये व्यवस्थापनावर भर असतो. महाराष्ट्रात 2024 पासून त्यासाठी सीईटी सुरू झाली आहे, तेव्हा अर्जाच्या तारखांवर बारावीची परीक्षा चालू असल्यापासूनच लक्ष ठेवा. देश, बाजार, सरकारचं धोरण यात खरोखर रस असेल, तर बी.ए. घ्या. बीवायके, एचपीटी, केटीएचएम या नाशिकच्या कॉलेजांची नावं तुम्ही ऐकलेलीच असतील. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर 1989 साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे.

कला शाखेकडून येणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगते: गणित सोडू नका. पदवीपुरतं त्यावाचून निभावतं, पण पुढे अडतं. पदवीनंतरच्या प्रवेशासाठी आयआयटीची जॅम परीक्षा असते, तिच्यात 2021 पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे, आणि तो कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, संभाव्यता यांच्याशिवाय सुटत नाही. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी पदवीनंतर अर्थशास्त्र शिकायला जायचं स्वप्न असेल तरी तेच. पहिल्या वर्षापासून रोज तासभर गणिताला द्या. सोबत एक्सेल शिका, नुसत्या बेरजा नव्हे, फॉर्म्युले आणि पिव्होट टेबलसुद्धा.

आता वर्गाबाहेरचं. मागणी-पुरवठ्याचे आलेख पाठ झाले की एकदा सकाळी लासलगावला जा. कांद्याने भरलेले ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेत उभे असतात. व्यापारी ट्रॉलीपाशी येतो, मूठभर कांदा उचलतो, आकार बघतो, पत्ती दाबून बघतो, आणि क्विंटलमागे बोली सुरू होते. एका गाडीचा सौदा मिनिटाभरात उरकतो. शेजारशेजारच्या दोन ट्रॉल्यांना वेगळा भाव का मिळाला, हे तिथे उभं राहून विचारा. प्रत, ओलावा, आवक, त्या दिवशीची बाहेरगावची मागणी, सगळी उत्तरं मिळतात, आणि लोक आपुलकीने सांगतात.

हेच उदाहरण धोरणापर्यंत नेता येतं. केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली. तेव्हा बाजारात लाल कांदा होता. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, लाल टिकत नाही. म्हणजे भाव पडला तरी शेतकऱ्याला माल आणावाच लागला. पुस्तकात 'अल्पकाळात पुरवठा अलवचिक असतो' असं एक वाक्य येतं, त्याचा अर्थ इतका कठोर आहे. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण त्या वेळी टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के निर्यातशुल्क लावलं गेलं. ग्राहकाला दिलासा आणि शेतकऱ्याचं उत्पन्न यांतला हा ताण ज्याला नीट मांडता येतो, त्याला परीक्षेत कसलीच भीती नाही.

फायनान्स समजायला अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींसारखी शाळा नाही. समजा, एका वर्कशॉपला पाच लाखांची ऑर्डर मिळाली. तीन लाखांचं पोलाद रोखीने घेतलं, एक लाख मजुरीत गेले. कागदावर लाखाचा नफा दिसतो. पण मोठी कंपनी पैसे तीन महिन्यांनी देणार, आणि पगार दर महिन्याला द्यायचे आहेत. नफ्यातला धंदाही असाच बुडतो. याला खेळत्या भांडवलाची टंचाई म्हणतात, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक फायलींच्या मुळाशी हीच असते. एमएसएमई कायद्यात सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायची तरतूद 2006 पासून आहे. तरी मोठ्या गिऱ्हाइकाला दुखवायचं कसं, म्हणून छोटा कारखानदार गप्प बसतो. मला याचा मनापासून राग येतो. हे विषय तुम्ही शिकावेत असं वाटतं, त्याचं एक कारण हेसुद्धा आहे.

उद्योजकता म्हणजे अ‍ॅप काढणं, एवढीच समजूत करून घेऊ नका. 2002 च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनी आली आणि शेतकऱ्यांना एकत्र येऊन कंपनी काढता येऊ लागली. मोहाडीची सह्याद्री फार्म्स त्याच वाटेने उभी राहिली. द्राक्ष बागेतून परदेशी दुकानात पोचेपर्यंत कोणत्या टप्प्यावर किती मूल्य वाढतं, हा विषय प्रोजेक्टला घ्या. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रोजेक्टपेक्षा तो शंभर पटीने बरा.

दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत एखाद्या सीएंच्या ऑफिसात काम मागा. पगाराचं फार ताणू नका, पण जीएसटी रिटर्न आणि ताळेबंद हाताळायला मिळतील का, हे आधीच विचारून घ्या. नुसत्या झेरॉक्स काढायच्या असतील, तर सरळ दुसरं ऑफिस बघा.