जुना स्टिरिओ रिसीव्हर : प्लग लावण्यापूर्वी आणि नंतर

माळ्यावरून उतरवलेला किंवा जुन्या बाजारातून आणलेला सत्तरच्या दशकातील रिसीव्हर घरी आला, की पहिली इच्छा होते ती प्लग लावून डायलचे दिवे लागतात का हे पाहण्याची. ही इच्छा आवरावी. वीस-पंचवीस वर्षे वीज न मिळालेल्या सेटचे जे नुकसान इतक्या वर्षांत झालेले नसते, ते त्या पहिल्या दहा सेकंदांत होऊ शकते, आणि माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या सेटपैकी बरेच असेच ‘जरा लावून पाहिल्यामुळे’ बिघडलेले होते. म्हणून या लेखात कोणता भाग बदलावा यापेक्षा कोणत्या क्रमाने तपासावे याला अधिक जागा दिली आहे. वाचकाला मल्टिमीटर वापरता येतो आणि सोल्डरिंगचा थोडाफार सराव आहे, असे गृहीत धरले आहे.

रिसीव्हर म्हणजे रेडिओ ट्यूनर, प्रीअॅम्प्लिफायर आणि पॉवर अॅम्प्लिफायर एकाच पेटीत. मॅरँट्झचा २२७० हा दर चॅनेलला ७० वॉटचा, तर पायोनियरचा एसएक्स-७८० हा ४५ वॉटचा. सान्सुई, केनवूड, यामाहा यांचे सेटही याच घडणीचे आहेत. त्यांतील बहुतेक भाग सुटे, मोठे आणि डोळ्यांना दिसणारे असतात, छापील पट्ट्यांवरील, म्हणजे सर्किट बोर्डांवरील, तांब्याचे माग बऱ्यापैकी रुंद असतात आणि मूळ सर्व्हिस मॅन्युअल बहुधा मिळते. त्यामुळे घरच्या टेबलावर हे काम करता येते. आपल्या सेटचे मॅन्युअल मिळवल्याशिवाय मात्र कामाला हात घालू नये.

आपल्याकडचे हे सेट कुठून आले, यावर पहिली तपासणी अवलंबून असते. आखातातून आलेल्या सेटच्या मागे सहसा व्होल्टेज निवडण्याची खूण असलेली फिरकी किंवा खुंटी असते. ती ११० किंवा १२० वर राहिलेली असेल आणि सेट आपल्या २३० व्होल्टला जोडला, तर ट्रान्सफॉर्मरच जळू शकतो. ती २४० वर आणावी. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला सेट बहुधा फक्त १२० व्होल्टचा असतो. त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो सेटच्या मागे लिहिलेल्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा. खास जपानी बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा असतो. त्याचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच असल्याने आपली बहुतेक केंद्रे त्यावर लागणारच नाहीत. तो बिघाड नव्हे, आणि असा सेट रेडिओसाठी विकत घेऊ नये.

पेटी उघडण्यापूर्वी दर्शनी भागावरील ‘टेप मॉनिटर’चे बटण पाहावे. ते दाबलेले असेल तर सेट टेपरेकॉर्डरकडून येणाऱ्या आवाजाची वाट पाहत राहतो आणि स्वतः मुका बसतो. मागच्या बाजूला ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ यांना जोडणाऱ्या धातूच्या दोन छोट्या कड्या हरवलेल्या असतील, तरीही आवाज येत नाही. एका परिचितांचा ‘मेलेला’ सेट मी तर्जनीने एक बटण बाहेर काढून दुरुस्त केला होता. त्यांनी त्यासाठी दोन वर्षे कारागीर शोधला होता.

पेटी उघडताना प्लग भिंतीतून काढलेला असावा, नुसते बटण बंद केलेले पुरेसे नाही, कारण फ्यूज आणि पॉवर स्विचच्या एका टोकापर्यंत वीज तशीच असते. मुख्य फिल्टर कपॅसिटर, म्हणजे औषधाच्या डब्यासारखे दिसणारे दोन मोठे नळकांडे, वीज काढल्यावरही भारित राहू शकतात. मोठ्या सेटमध्ये एकावर ४०-५० व्होल्ट आणि दोहोंच्या टोकांत त्याच्या दुप्पट असतात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून ते रिकामे करण्याची काहींना सवय असते. तसे करू नये. २२० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी प्रत्येक कपॅसिटरच्या टोकांना १५-२० सेकंद लावून धरावा आणि मग मीटरने शून्य आल्याची खात्री करावी. अंगठी, कडे, धातूचा पट्टा काढून ठेवावा.

आत प्रथम केवळ पाहावे, आणि भरपूर छायाचित्रे घ्यावीत. मऊ ब्रशने धूळ झाडताना डायलच्या दोरीला धक्का लागू देऊ नये. किनारपट्टीच्या गावांतून आलेल्या सेटमध्ये खारट हवेने गंजलेले स्क्रू, आणि पालीची फुटलेली अंडी, हे दोन्ही हमखास सापडते. पालीची विष्ठा छापील पट्टीवर पडली असेल तर तिथला तांब्याचा माग हिरवा पडलेला असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून भिंगाखाली तपासावा. मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी लावलेला पिवळसर डिंक जुना होऊन तपकिरी पडला असेल, तर तो टोकदार लाकडी काडीने खरवडून काढावा. असा डिंक हळूहळू वीज वाहू लागतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे पाय खातो. जळालेला फ्यूज दिसल्यास तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा घालावा. त्या जागी तार गुंडाळलेली आढळली, तर आधीच्या कारागिराने आणखी काय केले असेल याचा शोध घ्यावा.

आता वीज. त्यासाठी वायरमन वापरतात तोच सिरीज बोर्ड लागतो: लाकडी फळीवर बल्बचा होल्डर आणि सॉकेट, आणि फेजची तार बल्बमधून फिरून सॉकेटला गेलेली. बल्ब जुना, तारेचा, १०० वॉटचा असावा. एलईडी येथे निरुपयोगी आहे. आत पूर्ण शॉर्ट असला, तरी या बल्बमधून ०.४३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ शकत नाही, म्हणून जळायचे ते वाचते. अमेरिकन सेट असल्यास बोर्ड स्टेपडाउनच्या आधी, २३० व्होल्टच्या बाजूला लावावा. स्पीकर काढलेले, आवाजाचा नॉब शून्यावर.

बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ते चांगले लक्षण आहे, कारण पहिला झोत रिकाम्या कपॅसिटरांनी ओढलेला असतो. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला, तर दोन सेकंदांत बंद करावे. बहुधा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) किंवा स्पीकरला ताकद देणारा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो. बल्ब मुळीच पेटला नाही, तर फ्यूज, स्विच किंवा ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक गुंडाळी तुटलेली आहे. मंद राहिलेला सेट अर्धा तास तसाच चालू ठेवावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतील ऑक्साइडचा पातळ थर वर्षानुवर्षे पडून राहिल्याने झिजलेला असतो, तो कमी व्होल्टेजवर पुन्हा बसू लागतो. या वेळी डायलचे दिवे मिणमिणते असतील आणि स्पीकर जोडणारा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, तोही ओढला जाणार नाही. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

बल्ब काढून थेट वीज दिल्यावर काही सेकंदांत आतून ‘टिक्’ असा आवाज यावा. स्पीकरचे रक्षण करणारा रिले त्या क्षणी जोडला जातो. मल्टिमीटर मिलिव्होल्ट डीसीवर ठेवून दोन्ही चॅनेलच्या स्पीकर टोकांवरील व्होल्टेज मोजावे. दहा मिनिटांनंतर ते ५० मिलिव्होल्टच्या आत असल्यास समाधान मानावे. १०० च्या पुढे गेल्यास मॅन्युअलमधील ऑफसेटची, म्हणजे याच व्होल्टेजची, जुळणी पाहावी, आणि पूर्ण व्होल्टमध्ये काही दिसले तर स्पीकर जोडण्याचा विचारही करू नये. ‘टिक्’ आलाच नाही, तर रिले खराब आहे असे लगेच ठरवू नये; बहुतेक वेळा तो आपले काम बजावत असतो आणि त्याच्या आधीच्या टप्प्यावर डीसी उभा असतो, म्हणून मोजमाप रिलेच्या अलीकडच्या बाजूला करावे.

येथवर सेट तरला असेल, तर उरलेल्या तक्रारींपैकी निम्म्या तरी नुसत्या सफाईने जातात. नॉब फिरवताना येणारी खरखर, एक चॅनेल मधूनच जाणे, बॅलन्स सरकल्यासारखा वाटणे, ही सगळी मळलेल्या संपर्कांची लक्षणे आहेत. पॉट, म्हणजे नॉबमागचा बदलता रेझिस्टर, आणि स्विच यांच्या पत्र्यातील फटीतून इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरचे एक-दोन फवारे मारून नॉब टोकापासून टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावा. गंज सोडवण्याचे घरगुती तेल येथे वापरू नये. क्लीनर ट्यूनिंग कपॅसिटरच्या पात्यांवर किंवा डायलच्या दोरीवर जाऊ देऊ नये. आणि डायलच्या काचेची मागची बाजू कशानेही पुसू नये. स्टेशनांचे आकडे त्याच बाजूला छापलेले असतात. अल्कोहोलचा बोळा एकदा फिरला की ८८ ते १०८ पर्यंतचा सगळा पट्टा कापसावर उतरतो, आणि तशी काच पुन्हा मिळत नाही.

एक चॅनेल हळू आवाजात गायब असतो आणि नॉब वाढवला की एकदम खडकन परततो, असे होत असेल तर दोष रिलेच्या संपर्कबिंदूंत आहे. सॅंडपेपरने घासल्यास त्यांवरील मुलामा जातो. अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी संपर्कांत धरून ओढल्यास काही महिने निभावते. त्याच व्होल्टेजचा नवा रिले बसवणे अधिक चांगले.

कपॅसिटर सरसकट बदलावेत का, यावर जाणकारांत एकमत नाही. माझे मत असे, की फुगलेले, गळलेले आणि मोजमापात उणे पडलेले आधी बदलावेत, आणि सगळे बदलायचेच असतील तर एका वेळी एकच बोर्ड, तोही चार-पाच करून, आणि दर खेपेस सिरीज बोर्डवर तपासून. हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. एकदा मी उत्साहाच्या भरात एका संध्याकाळी चाळीसहून अधिक कपॅसिटर बदलले आणि त्यांतील एक उलटा लागला. तो फुटला तेव्हा टोपी छताला लागली, दोन दिवस खोलीत आंबूस वास राहिला, आणि त्याच्यासोबत गेलेला ट्रान्झिस्टर शोधायला मला आठवडा लागला. नवा कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचा आणि १०५ अंशांचा घ्यावा. काही बोर्डांवर धन बाजू छापलेली असते तर काहींवर ऋण, म्हणून छापील खुणेवर नव्हे तर काढण्यापूर्वीच्या छायाचित्रावर विश्वास ठेवावा. पॉवर स्विचवरून विजेच्या दोन टोकांत बसलेला छोटा कपॅसिटर मात्र न मोजता बदलावा, आणि त्या जागी एक्स-२ वर्गाचाच, म्हणजे थेट मेनच्या विजेवर लावण्यासाठी बनवलेला, बसवावा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात. कपॅसिटर, फ्यूज, रिले यांसाठी तिथे जावे. आउटपुट ट्रान्झिस्टर आणि एसटीके मालिकेतील जाड चिप (आउटपुटचा सगळा टप्पा एकाच तुकड्यात) यांच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावेत, कारण त्यांत बनावट माल फार आहे. शक्यतो अधिकृत वितरकाकडूनच घ्यावेत.

आउटपुट ट्रान्झिस्टर तपासायला मीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा. निरोगी जोड एका दिशेने ०.५ ते ०.७ दाखवतो, दोन्ही दिशांनी शून्य म्हणजे शॉर्ट. धातूच्या टोपीचा जुना प्रकार असेल तर टोपी हीच कलेक्टर असते आणि ती हीटसिंकपासून, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागापासून, अभ्रकाच्या पातळ चकतीने वेगळी केलेली असते. नवा बसवताना चकतीच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ थर द्यावा आणि स्क्रू आवळल्यानंतर टोपी व हीटसिंक यांत जोड नाही ना, हे मोजावे. एक कण जरी मध्ये अडकला तरी अभ्रक फाटतो आणि नवा ट्रान्झिस्टर पहिल्याच सेकंदाला जातो.

यानंतर बायस, म्हणजे आवाज नसतानाचा आउटपुटचा प्रवाह. तो थेट न मोजता एमिटर रेझिस्टरवरील व्होल्टेजवरून काढतात: ०.४७ ओहमवर ९.४ मिलिव्होल्ट म्हणजे २० मिलिअँपिअर. आपल्या सेटचा योग्य आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. बायस जुळवणाऱ्या छोट्या ट्रिमपॉटची (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायच्या पॉटची) मूळ जागा मार्करने खुणावून, सेट पंधरा मिनिटे तापल्यावर, केसभर फिरवून थांबावे आणि मीटर स्थिर होऊ द्यावा. जुन्या ट्रिमपॉटची सरकती पट्टी क्षणभर सुटली, तर काही सर्किटांत प्रवाह एकदम वर जातो आणि आउटपुट जळते. म्हणून हे काम पुन्हा सिरीज बोर्डवरच सुरू करावे. मोजणीच्या काड्या हाताने धरू नयेत. घसरलेल्या एका काडीची किंमत दोन ट्रान्झिस्टर असते.

पूर्ण ताकदीची चाचणी स्पीकरवर घेऊ नये. ८ ओहमचे, ५० ते १०० वॉटचे दोन रेझिस्टर जाड अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून दोन्ही चॅनेलला जोडावेत, फोनवरील टोन जनरेटरमधून ४०० हर्ट्झचा शुद्ध स्वर ‘ऑक्स’मध्ये द्यावा आणि एसी व्होल्टेज मोजावे. ४५ वॉटच्या सेटने ८ ओहमवर १९ व्होल्ट द्यायला हवेत. ऑसिलोस्कोप असेल तर लाटेची शेंडी सपाट कधी होते तेही दिसते. १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अॅम्प्लिफायरच्या ताकदीचे फुगवलेले आकडे रोखण्यासाठी नियम केला, त्यात मोजणीपूर्वी सेट एक तास एक-तृतीयांश ताकदीवर चालवण्याची अट होती. हीटसिंक सर्वाधिक तापतो तो साधारण याच टप्प्यावर. आपणही ४५ वॉटचा सेट ११ व्होल्टवर, म्हणजे १५ वॉटवर, काही वेळ चालवून पाहावा. दोन्ही चॅनेलचे हीटसिंक सारखेच गरम असावेत, आणि हात ठेवता येणार नाही इतके तापल्यास थांबावे.

ट्यूनरमधील कॉइलच्या गाभ्यांना आणि ट्रिमरना उपकरणांशिवाय हात लावू नये. ते बहुधा बिघडलेले नसतात. मागे ७५ सेंटिमीटरची साधी तार लावली तरी शहरात एफएम स्पष्ट यावे. अमेरिकन सेटवर आपली एफएम केंद्रे किंचित दबलेली वाटतात. तिकडे डीएम्फसिस, म्हणजे प्रक्षेपणात चढवलेले उंच स्वर सेटमध्ये पुन्हा खाली आणण्याचा टप्पा, ७५ मायक्रोसेकंदांचा, आपल्याकडे ५० चा, एवढेच त्याचे कारण आहे. मध्यम लहरींवर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर शोधावे: काटा ८०० च्या किंचित अलीकडे उभा राहिला, तर दोरी आणि काटा दोन्ही जागेवर आहेत. तसे नसेल, तर काटा दोरीवर हलक्या हाताने सरकवून बसवावा, स्पीकरवरील ऑफसेट शेवटचा एकदा मोजावा, आणि मगच झाकणाचे स्क्रू आवळावेत. पहिल्या दिवशी जोडायचे स्पीकर मात्र गेले तरी चालतील असेच असावेत.