सहिष्णुतेचं फर्मान कसं वाचायचं

ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या वाचनकट्ट्यावर ख्रिस्ती इतिहासातल्या छळाचा विषय निघाला की कुणीतरी लगेच निकाल देतं: धर्म म्हटला की हे आलंच. मग पुढे बोलायला काही उरत नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यावर माझं मत पक्कं झालंय, की अशा विषयात आधी कलमं वाचावीत, मतं नंतर. तुमच्या सोसायटीत किंवा ग्रंथालयात असं वाचन घ्यायचं असेल तर माझी पद्धत सांगते.

सुरुवातीला दोन कागद शेजारी ठेवा. पहिला इ.स. 313 चा. कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या रोमन सम्राटांनी ख्रिस्ती लोकांना, आणि इतर सगळ्यांनाही, हवा तो धर्म पाळायची मुभा दिली. दुसरा 380 चा. थिओडोसियसने एकच पंथ खरा ठरवला, बाकीचे पाखंडी. पुढच्या काही वर्षांतच ट्रिअरमध्ये प्रिसिलियन या बिशपला मृत्युदंड झाला. आरोप जादूटोण्याचा, मूळ भांडण मतांचं. तूरचे बिशप मार्टिन या शिक्षेच्या विरोधात उभे राहिले होते; त्यांचं नाव अजिबात वगळू नका.

खरा वेळ द्यायचा तो नांतच्या फर्मानाला. 1598 मध्ये फ्रान्सचा राजा चौथ्या हेन्रीने ते काढलं आणि तिथली कॅथलिक-प्रोटेस्टंटांमधली अनेक वर्षांची धर्मयुद्धं थांबवली. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल द्या. जे मिळालं त्याखाली रेघ, जिथे अट आहे तिथे गोल. प्रोटेस्टंटांना सरकारी पदं खुली: रेघ. उपासना करता येईल, पण ठरलेल्या जागीच: गोल. पॅरिसमध्ये आणि भोवतीच्या पाच लीगमध्ये (लीग हे अंतराचं जुनं माप) जाहीर उपासना नाही: गोल. कॅथलिक सण पाळायचे, कॅथलिक धर्मगुरूंचा दशांश, म्हणजे उत्पन्नातला ठरावीक वाटा, भरायचा: पुन्हा गोल. पानभर गोल दिसले की लोक आपोआप विचारू लागतात. आता सांगा, की या फर्मानाने स्वतःला कायमचं आणि रद्द न होणारं म्हटलं होतं. 1685 मध्ये हेन्रीच्याच नातवाने, चौदाव्या लुईने, ते रद्द केलं. प्रार्थनाघरं पाडायचा हुकूम निघाला, धर्म न बदलणाऱ्या पाळकांना देश सोडायला पंधरा दिवस दिले, आणि सामान्य माणसांना मात्र देश सोडायलाच बंदी.

इथे थांबा आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहा: दिलेलं परत कोण घेऊ शकतो? सगळ्या वाचनाचा कणा हाच प्रश्न आहे. राजाच्या मर्जीने मिळालेली मुभा राजाच्या मर्जीनेच जाते, हे तुम्ही सांगू नका. कागद समोर असले की लोक स्वतःच म्हणतात.

कुणी म्हणेल, छळ कॅथलिकांनीच केला. मग 1553 सालचं प्रोटेस्टंट जिनिव्हा काढा. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, नाकारणाऱ्या मिगेल सर्वेतला तिथे जिवंत जाळलं. त्यावर सेबास्टियन कास्तेलियो या प्रोटेस्टंट विद्वानाने लिहिलं, की माणसाला मारणं म्हणजे सिद्धांताचं रक्षण नव्हे, ते माणसाला मारणंच. मला या सगळ्या इतिहासात हे वाक्य सर्वांत मोठं वाटतं. ते मोठ्याने वाचून घ्या.

ठाण्यात गोव्याचा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉन चर्च रोज डोळ्यांसमोर असतं. 1737 मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत ठाणं पोर्तुगीजांकडे होतं, आणि 1560 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणाऱ्या धार्मिक न्यायालयाचा, अधिकार इथवर पोचत होता. खटले मोठ्या प्रमाणावर बाप्तिस्मा घेतलेल्यांवरच चालले, गुपचूप जुने रीतिरिवाज पाळल्याच्या आरोपावरून. याच शहरात टेंभी नाक्याजवळ 1879 चं बेने इस्रायलींचं, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंचं, सिनेगॉग आहे. वाचनानंतर गटाला तिथून चालवत न्या आणि वाटेत बोलू द्या.

पुढच्या बैठकीला 1787 चा व्हर्सायचा हुकूम द्या. सोळाव्या लुईने त्यात प्रोटेस्टंटांच्या जन्म, लग्न, मृत्यूची नोंद मान्य केली. घरून शोधून आणायला सांगा: त्यात काय दिलेलं नाही?