तिनं पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं, तर

मी मिरजेत विधी स्वयंसेवक आहे. वकील नव्हे. अर्ज लिहायला मदत करते, बाईबरोबर पोलीस ठाण्यात बसते. लॉकडाऊनमध्ये देहविक्रीचा धंदा फोनवर गेला, तेव्हापासून एक प्रकार सारखा समोर येतो. व्हिडिओ कॉल ठरतो, आधी पैसे, मग कॉल. गिऱ्हाईक गुपचूप स्क्रीन रेकॉर्ड करतं आणि चार दिवसांनी उलट तिच्याकडेच पैसे मागतं. यूपीआयमुळे तिचं खरं नाव त्याला कळलेलं असतं, नावावरून फेसबुक सापडतं, फेसबुकवर मावशी, दीर, शाळेतल्या बाई सगळे बसलेलेच असतात.

अशी बाई आधी पोलिसांकडे जात नाही. बहिणीला सांगते, मैत्रिणीला सांगते, क्वचित भावाला. हे त्या माणसासाठी लिहितेय.

"असलं करायलाच कशाला गेलीस?" हा प्रश्न गिळा. पुढे कधी विचारायचा असेल तर विचारा, आज नाही. पलीकडचा माणूस याच प्रश्नाच्या भरवशावर पैसे मागतोय. घरात तो विचारला गेला की बाई गप्प होते आणि पैसे पाठवायला लागते. आज एवढंच विचारा: त्यानं काय पाठवलंय, किती मागितलंय, तू पैसे दिलेस का, आणि जेवलीस का.

पैसे देऊ नका. एकदा दिले की दर वाढतो, हे मी बघत आलेय. दिले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक पेमेंटला मिळणारा क्रमांक, हाताशी ठेवा.

घाबरून चॅट पुसायची घाई सगळेच करतात. पुसू नका. नंबर, प्रोफाइलची लिंक, धमक्या, तारीख-वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. तो व्हिडिओ मात्र "पुरावा" म्हणून दाजींना, काकांना पाठवत बसू नका. पुढे पाठवणारा नातेवाईकही गुन्ह्यात येतो, मग त्याचा हेतू कितीही सोवळा असो.

तक्रारीआधी वकिलाशी बोला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ लैंगिक कृत्य उघड दाखवणारा मजकूर पाठवणाऱ्यावर चालतं, म्हणजे ते बाईवरही उलटू शकतं, त्यामुळे अर्जात काय लिहायचं ते जपून ठरवावं लागतं. खोटं लिहायचं नाही, पण धंद्याचा इतिहासही मांडत बसायचा नाही. बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००.

अर्जाचा गाभा भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, बाईच्या खासगी क्षणांचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं यावरचं. चित्रण करायला बाईची संमती होती, पण दुसऱ्याला दाखवायला नव्हती, तरीही ते पसरवणं गुन्हाच, असं त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय. पैशाच्या मागणीसाठी खंडणीचं कलम ३०८ आहे. कलम ७७ खालची माहिती महिला अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची असते, ते मागा. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, याच ठाण्यात गुन्हा नोंदवून घ्यायला सांगा.

ठाण्यात कुणीतरी चारित्र्यावर येणारच. "पैसे घेऊन करते ना, मग तक्रार कसली?" तिथं भांडू नका, पण गप्पही बसू नका. महाराष्ट्रातल्याच एका पोलीस इन्स्पेक्टरचं जुनं प्रकरण आहे, तो रात्री एका बाईच्या झोपडीत शिरल्याचं. बाई वाईट चालीची, तिच्या शब्दावर अधिकाऱ्याची नोकरी कशी घालवायची, असं उच्च न्यायालयाला वाटलं. सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये तो निकाल फिरवला. अशा बाईलाही खासगीपणा आहे आणि चालीकडे बोट दाखवून तिची साक्ष फेकून देता येत नाही, असं सांगितलं. १९ मे २०२२ च्या आदेशात याच न्यायालयानं देहविक्री करणाऱ्या स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानानं वागावं, शिवीगाळ करू नये, असंही बजावलंय. त्या आदेशाची प्रत मी पिशवीत ठेवते. तुम्हीही ठेवा, कागद दिसला की आवाज खाली येतो.

व्हिडिओ बाहेर जायच्या आधीच स्टॉपएनसीआयआय (StopNCII.org) या, संमतीशिवाय पसरणारे खासगी फोटो-व्हिडिओ अडवणाऱ्या संकेतस्थळावर जा. तिथं व्हिडिओ द्यावा लागत नाही. फोनवरच त्याचा अंकी ठसा, म्हणजे त्या व्हिडिओची ओळख पटवणारा आकड्या-अक्षरांचा कोड, तयार होतो आणि तेवढाच फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जातो. बाई सज्ञान हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवलेलं मात्र यानं थांबत नाही.

त्यासाठी एक निरोप तयार ठेवा. तिच्या परवानगीनं, आणि ज्यांच्यापर्यंत तो माणूस पोचेल असं वाटतं तेवढ्यांनाच: "माझ्या नावानं काही व्हिडिओ आला तर उघडू नका, पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याच्या नंबरचा स्क्रीनशॉट मला द्या. पोलिसात तक्रार केली आहे." खुलासा नाही, माफी नाही. घरमालकाला, शाळेला आपणहून काही सांगायला जाऊ नका.

आणि फोन. पोलीस तो मुद्देमाल म्हणून जमा करून घेऊ शकतात, परत मिळायला वेळ लागतो. जाण्याआधी मुलांचे फोटो आणि महत्त्वाचे नंबर दुसरीकडे उतरवून घ्या. जमा केलाच तर पावती घ्या, सिम परत देता का विचारा. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि महिन्याचं भाडं त्याच खात्यातून जातं.